जुन्या अंकांतल्या चित्रांची नोंद कोण करणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत कृष्णाकाठावर एक छान लेख आला होता. लेख आवडलाच, पण सोबत घाटाचा एक जुना फोटो छापला होता आणि त्याच्याखाली एवढंच की 'संग्रहित छायाचित्र'. आता तो घाट कुठला? लेख सांगलीचा, त्यामुळं वाचणारा धरून चालणार की सांगलीचाच असेल. पण फोटोत एका बाजूला देवळाची मागची भिंत दिसते, निमुळती होत गेलेली, माशासारखी, आणि ज्यानं वाईचा ढोल्या गणपती एकदा तरी बघितलाय तो झोपेतून उठवला तरी सांगेल की ही वाई आहे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली ते देऊळ बांधलं तेव्हा पुराचं पाणी दोन्ही अंगांनी फुटून जावं म्हणून मागची भिंत तशी केली, हे आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. म्हणजे सांगलीच्या लेखाला वाईचा फोटो लागला. लेखाचं त्यानं काही बिघडलं नाही हे मान्य, पण आता तो फोटो कुणीतरी आपल्या पेपरातून कापून 'जुनी सांगली' म्हणून पुढं ढकलणार आणि थोड्या वर्षांनी तो सांगलीचाच होऊन बसणार, मग कुणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही.

हे एकट्या तुमच्या पेपरचं नाही, सगळीकडं असंच चाललंय. 'संग्रहित', 'सौजन्य : इंटरनेट', 'जुने छायाचित्र', झालं. मजकूर कुणी लिहिला ते आपण नाव घालून छापतो आणि चित्राला मात्र ना गाव ना नाव. मी चित्रकलेचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे, सांगलीत राहतो, आणि आपल्याकडच्या छापील चित्रांची कुठं नीट नोंदच नाही हे मला फार लागतं. म्हणून आम्ही काही जण मिळून, त्यात माझे जुने विद्यार्थी आहेत, एक बाइंडिंगवाले आहेत, कॉलेजातल्या एक ग्रंथपाल मॅडम आहेत, जुन्या मासिकांतली आणि पुस्तकांतली चित्रं एकेक करून विकिमीडिया कॉमन्स आणि विकिडेटावर नोंदवायचं काम करतोय, आणि या कामाला अजून माणसं लागणार आहेत म्हणून हे पत्र.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉमन्स म्हणजे विकिपीडियावाल्यांचं चित्रांचं कोठार, २००४ पासून चालू आहे, कुणीही खातं काढून फाईल चढवू शकतं, अट अशी की चित्र कॉपीराइटमधून सुटलेलं पाहिजे नाहीतर मालकानं मोकळं केलेलं पाहिजे. विकिडेटा २०१२ ला सुरू झालं, तिथं फाईल चढवायची नसते, माहिती भरायची असते, म्हणजे एका चित्राला एक नंबर मिळतो आणि त्या नंबराखाली चित्रकार कोण, कुठल्या अंकात आलं, पान कुठलं, चित्रात काय दिसतंय असे सुटे सुटे खण भरायचे. एकानं भरलं, दुसऱ्यानं दुरुस्त केलं, तिसऱ्यानं भर घातली, आणि कुणी कधी काय बदललं ते सगळं तिथं दिसत राहतं. ही माहिती कुणीही कशालाही फुकट वापरू शकतं.

आता कुणी म्हणेल की हे पुण्या-मुंबईच्या लोकांनी करावं, तुम्ही सांगली-साताऱ्याचे कशाला यात पडताय. तर उलट आहे, आपल्या दोन जिल्ह्यांत छापील चित्रांचा जेवढा मोठा साठा तयार झाला तेवढा फार कमी ठिकाणी झाला असेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोडच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली हे सगळे सांगतात, पण त्याच वाडीतून १९२० ला 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढं त्याचंच नुसतं 'किर्लोस्कर' झालं, १९३० ला 'स्त्री' आलं आणि १९३४ ला 'मनोहर', आणि या सगळ्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. चित्रकार माणूस संपादक असला की मासिक कसं दिसतं ते या अंकांत बघावं, मुखपृष्ठ, व्यंगचित्रं, कथेवरची चित्रं, नांगराच्या आणि ऊस गाळायच्या चरकाच्या जाहिराती, काय काय आहे त्यात!

आणि औंध. खटाव तालुक्यातलं एवढंसं गाव, पण तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे हातात कुंचला धरणारे राजे. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून आलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी एक लाख रुपये देऊ केले होते हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण १९३३ साली आदिपर्वाचा खंड पुरा झाला त्याच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून सुखठणकरांचं नाव आहे तसं चित्रांसाठी औंधच्या या राजांचं नाव आहे, आणि तिथं हेही छापलंय की चित्रं जुन्या नमुन्यांवरून काढलेली आहेत. आता बघा, जगभरचे विद्वान या ग्रंथाचे दाखले देतात, श्लोकाचा नंबर अगदी बरोबर देतात, आणि त्यातली चित्रं कुठली, कुठल्या जुन्या शिल्पावरून घेतली, हे एकेका चित्रापुढं लिहून ठेवायचं काम कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्या मते औंधचं संग्रहालय बघायला जाणाऱ्यानं भिंतीवरची चित्रं बघून झाल्यावर राजेसाहेबांची छापील पुस्तकंही बघावीत, ती त्या चित्रांइतकीच महत्त्वाची आहेत. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरही औंधलाच होते, त्यांचं स्वाध्याय मंडळ १९४८ पर्यंत तिथं होतं, आणि तेही मूळचे चित्रकार. वाईला विश्वकोशाचं काम झालं, त्याच्या छापील खंडांत चित्रपत्रं, म्हणजे नुसत्या चित्रांची पानं, आहेत. एवढं सगळं आपल्या अंगणात असताना दुसऱ्याची वाट का बघायची?

ही चित्रं नाहीशी कशी होतात ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की वाचनालयात बांधीव खंड आहेत म्हणजे सगळं सुरक्षित आहे. आमच्या ग्रुपमधल्या बाइंडिंगवाल्या काकांनी पहिल्यांदा ही गोष्ट ध्यानात आणून दिली. पूर्वी वाचनालयं वर्षाचे बारा अंक एकत्र बांधायला द्यायची तेव्हा खंड जाड होऊ नये म्हणून मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची रीतच होती. म्हणजे ज्या मुखपृष्ठासाठी मोठमोठ्या चित्रकारांनी जीव ओतला तेच खंडात नाही! बांधीव खंड बघून कुणी यादी केली तर त्या यादीत मुखपृष्ठं येणारच नाहीत आणि जाहिराती तर नाहीतच. ती कुठं मिळतात तर लोकांच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत पडलेल्या सुट्ट्या अंकांत. म्हणून आजीच्या ट्रंकेतला एक फाटका सुटा अंक कधी कधी वाचनालयातल्या अख्ख्या खंडापेक्षा जास्त कामाचा असतो.

दुसरं म्हणजे पूर. २००५, २०१९, २०२१, सांगलीकरांना काय सांगायचं. पुस्तकं भिजली त्यातला साध्या कागदाचा मजकूर नीट वाळवला तर बऱ्याचदा वाचता येतो, पिवळा पडतो, फुगतो, पण वाचता येतो. रंगीत चित्रं मात्र आर्ट पेपरवर छापलेली असायची, त्या कागदावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप असतो, तो पाण्यानं सुटतो आणि वाळताना दोन पानं एकमेकांना अशी चिकटतात की नंतर सोडवायला गेलं की चित्राचं कातडंच निघून येतं. म्हणजे पुरात पुस्तकातलं सगळ्यात आधी काय जातं तर चित्र. हे वाचनालयवाल्यांना कुणी सांगत नाही आणि मग सगळं पुस्तक मिटून उन्हात ठेवतात, तिथंच खेळ संपतो. भिजलेलं असतानाच, वाळायच्या आत, पानापानात मेणकागद सारायचा असतो.

तिसरं कारण नवीन आहे. आता बरीच जुनी मासिकं स्कॅन होतायत, चांगली गोष्ट आहे, पण स्कॅन करणाऱ्यांचं सगळं लक्ष मजकुरावर. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चित्राच्या पानावर आलं की त्याच्यासाठी ते पान रिकामं. त्यामुळं शोधायला गेलात तर 'नांगर' हा शब्द ज्या पानावर छापलाय ते पान मिळेल, आणि ज्या पानावर नांगराचं झकास चित्र आहे आणि शब्द एकही नाही ते कधीच मिळणार नाही. परदेशातही हाच प्रश्न आला होता. ब्रिटिश लायब्ररीनं २०१३ साली आपल्या जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमधून मशीननं कापून काढलेली दहा लाखांवर चित्रं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर मोकळी केली, तेव्हा त्यांना कुठलं पुस्तक, कुठलं पान एवढं ठाऊक होतं आणि चित्रात काय आहे ते माहिती नव्हतं. मग जगभरच्या लोकांनी बसून टॅग लावले. त्यांच्याकडं निदान पुस्तक आणि पान तरी चित्राला बांधलेलं होतं, आपल्याकडं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्राला तेही नसतं.

आता नोंद म्हणजे नक्की काय करायचं, यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण माणसं उत्साहानं येतात आणि पहिल्याच दिवशी भराभर फोटो काढून चढवायला लागतात आणि मग ते निस्तरायला दुप्पट वेळ जातो.

सगळ्यात आधी अंक पक्का करायचा. मासिकाचं नाव, वर्ष कितवं, अंक कितवा, महिना. जुन्या अंकांवर बऱ्याचदा शके असतं, आणि लोक सरसकट त्यात ७८ मिळवून मोकळे होतात. पण शक गुढीपाडव्याला बदलतो. शके १८५२ चा माघ महिन्याचा अंक असेल तर ७८ मिळवून १९३० येतं, आणि माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे खरं साल १९३१. एका वर्षाचा फरक छोटा वाटतो पण कुठलं मासिक कधी सुरू झालं, कुठल्या चित्रकारानं कधी काम चालू केलं, हे सगळं त्याच्यावर ठरतं.

मग पान. आर्ट पेपरवरची रंगीत चित्रं वेगळी छापून नंतर मध्ये चिकटवलेली असायची, त्यांना पान नंबर नसतो. अशा वेळी 'पान ३२ समोर' असं लिहायचं, अंदाजानं ३३ लिहू नये. आणि चित्राच्या खाली जे छापलंय ते जसंच्या तसं उतरवायचं, जुने अनुस्वार, जुनं शुद्धलेखन, चूक असली तर चुकीसकट. आपली दुरुस्ती वेगळ्या खणात. छापलेली ओळ म्हणजे पुरावा आहे, आणि आपण लिहितो ते आपलं मत आहे, ते एकत्र झालं की पुढच्या माणसाला काहीच धड कळत नाही.

सहीचा घोळ सगळ्यात मोठा. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक नाव असतं आणि सगळे धरून चालतात की हाच चित्रकार. बऱ्याचदा ते ब्लॉक करणाऱ्या कंपनीचं नाव असतं! त्या काळी चित्राचा आधी जस्ताचा नाहीतर तांब्याचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायला लागायचा, आणि ब्लॉकवाले आपलं नाव कोपऱ्यात टाकायचे. म्हणून आम्ही दोन खण ठेवलेत, चित्रावरची सही आणि ब्लॉकवरचं नाव. सही नसेल तर 'सही नाही' असं स्पष्ट लिहायचं, खण रिकामा सोडायचा नाही, कारण रिकामा खण म्हणजे कुणी बघितलंच नाही असाही अर्थ होतो. आणि शैलीवरून दीनानाथ दलालांचं वाटतं, रघुवीर मुळगावकरांचं वाटतं, हे शेऱ्यात जाईल, चित्रकाराच्या खणात जाणार नाही. माझा याबाबतीत जरा हट्टच आहे. चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलंय, रेषा बघून हात ओळखता येतो असं मलाही वाटतं, पण मला वाटणं हा काही पुरावा नाही.

ब्लॉकवरून अजून एक. ब्लॉक केला की तो एकदाच वापरून कुणी फेकून देत नव्हतं, ते खर्चाचं काम होतं. एका मासिकाचा ब्लॉक दुसऱ्याला उसना जायचा, दिवाळी अंकात वापरलेला पुन्हा पुस्तकात यायचा. त्यामुळं एकच चित्र चार ठिकाणी सापडतं आणि चार लोक चार वेगळी चित्रं म्हणून नोंद करतात. चित्र एक आणि छापून आल्याच्या जागा चार, अशी नोंद पाहिजे. मिरजेला राहिलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या मोठ्या माणसांच्या फोटोंचं तर हमखास असंच होतं, एकाच बैठकीतला फोटो कधी अख्खा, कधी नुसता चेहरा कापून, कधी उलटा छापलेला. उलटा कसा ओळखायचा तर कोटाची बटणं बघा, वाद्य कुठल्या हातात आहे ते बघा.

छपाई कशी झालीय तेही बघावं लागतं. साधी रेघांची लाइन ब्लॉक, ठिपक्याठिपक्यांची हाफटोन, शिळाप्रेस, तीन रंगांचे तीन ब्लॉक एकावर एक. दहा रुपयांचं भिंग पुरतं. स्कॅन करताना हाफटोन असेल तर ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा, कमी ठेवलं की छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकून चित्रावर चौकटीच्या लुगड्यासारखी जाळी उठते. आणि पान सबंध स्कॅन करा, नुसतं चित्र कापून घेऊ नका, कापायचं ते नंतर, दुसरी फाईल करून.

आणि आता जे काम फक्त इथलाच माणूस करू शकतो ते म्हणजे चित्रात काय आहे ते ओळखणं. 'कृष्णाकाठचे एक दृश्य' एवढ्यावर कृष्णा कुठली धरायची? वाई, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम, औदुंबर, सांगली, हरिपूर, मिरजेचा कृष्णाघाट, नरसोबाची वाडी. माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते, कराडला कोयना समोरासमोर येऊन भिडते, हरिपूरला वारणा येते, तिन्ही संगमांचे काठ वेगळे दिसतात पण ते तिथं फिरलेल्यालाच कळणार. सांगलीच्या नदीच्या चित्रात पूर्ण झालेला आयर्विन पूल असेल तर ते १९२९ च्या आधीचं असू शकत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवरून साल आवळत आणता येतं. मात्र पूल दिसत नाही म्हणून लगेच त्याच्या आधीचं असं म्हणायचं नाही, चित्रकार पुलाकडं पाठ करूनही बसला असेल.

तसंच शेतीचं. 'किर्लोस्कर'मधल्या चित्रांत आणि जाहिरातींत मोट आहे, पेरायची पाभर आहे, ढेकळं फोडून रान भुसभुशीत करायचा कुळव आहे, चरक आहे, गुऱ्हाळ आहे. मशीनला दाखवलं तर ते सांगतं बैल, माणूस, शेत. कुळव आणि पाभर यातला फरक पलूस-तासगावकडचा कुठलाही म्हातारा शेतकरी चष्मा न लावता सांगेल. 'स्त्री'मधल्या चित्रांत नऊवारी कुठं संपते आणि गोल साडी कुठं सुरू होते, अंबाडा कसा, चूल जाऊन स्टोव्ह कधी आला, शिवणयंत्र कुणाच्या घरात दिसतं, सायकलवर बाई कधी बसली, हे सगळं एकेका खणात भरलं गेलं तर उद्या नाटकाचे कपडे करणाऱ्यापासून पीएचडी करणाऱ्या मुलीपर्यंत सगळ्यांना एका शोधात मिळेल. यासाठी चित्रकला यायला पाहिजे असं नाही, इंग्रजीही यायला नको. ज्या बायकांनी ते घर, ती चूल, ती साडी वापरलीय त्यांच्याइतकं चांगलं हे कोण सांगणार? आमच्याकडं शेजारच्या आजी नुसतं बघून सांगतात आणि नातू टाईप करतो, असं छान चालतं.

कॉपीराइटबद्दल लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात विचार करत नाहीत, म्हणून तेही लिहितो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणं चित्रकार गेल्यावर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. पूर्वी ५० होती, १९९२ ला ६० झाली. चित्रकार धुरंधर १९४४ ला गेले, त्यांची चित्रं २००५ पासून भारतात मोकळी. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ ला गेले, त्यांची २०१२ पासून. दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३२ च्या जानेवारीपर्यंत चढवता येणार नाहीत, कितीही आवडली तरी. चित्रकाराचं नाव कुठंच जाहीर नसेल तर छापल्यापासून ६० वर्षं. शिवाय कॉमन्सवर भारतासोबत अमेरिकेतला कायदाही बघितला जातो, म्हणून कॉमन्सवरच्या जुन्या-जाणत्या मंडळींना विचारून मगच चढवावं.

पण लोक इथंच थांबतात, चित्र चढवता येत नाही म्हणजे काम नाही असं समजतात. नोंद करायला कुणाची परवानगी लागत नाही! अमुक अंकात, अमुक पानासमोर, दलालांची सही असलेलं, तीन रंगांत छापलेलं, वासुदेवाचं चित्र आहे, ही माहिती आहे, ती विकिडेटावर आजच भरता येते. २०३२ उजाडेल तेव्हा कुठला अंक काढून कुठलं पान स्कॅन करायचं याची यादी तयार पाहिजे. तोपर्यंत थांबलो तर सही ओळखणारी, ते अंक घरी ठेवलेली पिढीच राहिलेली नसेल. मला या कामाची घाई आहे ती एवढ्यासाठीच.

अजून एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. जुने कृष्णधवल फोटो हल्ली ॲपमधून रंगवून, चेहरे गुळगुळीत करून फिरवतात आणि लोक वा वा करतात. ॲपनं फेट्याला जो रंग दिलाय तो कुणी बघितलाय? चेहऱ्यावरच्या देवीच्या खुणा पुसल्या जातात, पाटीवरची अक्षरं वितळून भलतीच होतात. घरात हौस म्हणून करा, पण असलं चित्र मूळ म्हणून कुठल्याही कोशात किंवा पेपरात जाता कामा नये, आणि गेलंच तर 'मशीननं रंगवलेलं' असं खाली ठळक लिहिलं पाहिजे.

संपादक साहेब, तुमच्याकडून एवढं पाहिजे की जुनं चित्र छापताना कुठल्या अंकातून, कुठल्या साली, कुणाच्या संग्रहातून घेतलं ते एका ओळीत खाली टाका. माहिती नसेल तर 'हे चित्र कुठलं, वाचकांनी कळवावं' असं छापा, आपले वाचक दोन दिवसांत शोधून देतील याची मला खात्री आहे. आणि तुमच्या स्वतःच्या जुन्या फायलींत जी चित्रं आणि फोटो आहेत त्यांच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेली टिपणं असतात, स्कॅन करताना पाठही स्कॅन करा, बहुतेक ठिकाणी ती टिपणंच पहिल्यांदा हरवतात.

वाचकांना सांगणं असं की दिवाळीच्या सफाईत जुने अंक रद्दीत घालायच्या आधी निदान मुखपृष्ठाचा, पहिल्या पानाचा आणि चित्रांच्या पानांचा सरळ वरून, उजेडात, कडा दिसतील असा फोटो काढून ठेवा. अंक आम्हाला द्यायलाच पाहिजे असं नाही, तुमच्या गावच्या वाचनालयाला दिला तरी चालेल, फक्त देताना सांगा की बांधताना मुखपृष्ठ काढू नका. कला शिक्षकांना माझी खास विनंती आहे, आठवी-नववीच्या मुलांना एक जुना अंक द्या आणि त्यातल्या एका चित्राची नोंद करायला लावा, सही शोधा, ठिपके भिंगातून बघा, चित्रातल्या वस्तूंची नावं घरी विचारून या. एका तासात मुलं चित्र बघायला शिकतात.

आणि नदीकाठच्या गावांतल्या वाचनालयांना एक काम ताबडतोब करण्यासारखं आहे. जागा नसते म्हणून जड बांधीव खंड नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलेले असतात, आणि रंगीत पानं त्यांच्यातच जास्त. ते पाऊस लागायच्या आत वर घ्या, खाली हलकी नवी पुस्तकं ठेवा, ती परत विकत मिळतात. उचलायला माणसं कमी पडत असतील तर आम्ही येऊ, आपल्या कार्यालयात माझा नंबर दिलेला आहे, तो मागणाऱ्या वाचनालयांना द्यायला माझी परवानगी आहे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली